छावणीबाहेरचे लखनौ

‘छावणी’ या शब्दाच्या पोटात छपराची कल्पना आहे. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला मुलूखगिरीसाठी बाहेर पडत आणि पावसाळा लागला, की जेथे असतील तेथे गवतापानांची छपरे घालून चार महिने काढीत. त्या मुक्कामाला छावणी म्हणत. म्हणजे मुळात या शब्दाला स्थैर्य माहीत नाही. पाऊस सरला की छपरे मोडायची आणि पुढे निघायचे, हाच त्याचा धर्म. पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत तोच शब्द कायमच्या लष्करी वसाहतींना चिकटला. रस्ते आखले गेले, बंगले उठले, सदर बाजार वसले. परंतु त्यांत राहणारा माणूस तसाच तात्पुरता राहिला. तीन वर्षे झाली की बदलीचा कागद येतो आणि छप्पर मागे राहते.

लखनौच्या छावणीत अशीच तीन वर्षे काढून एक मराठी सुभेदार निवृत्तीच्या उंबरठ्यावर आला होता. सातारा जिल्ह्यातील एका गावचा हा माणूस पायदळातून चढत चढत सुभेदार झाला आणि अखेरच्या नेमणुकीवर मध्य कमांडच्या मुख्यालयात आला. या तीन वर्षांत त्याने लखनौ पाहिले ते रेल्वे स्टेशनापासून छावणीपर्यंत आणि छावणीपासून हजरतगंजापर्यंत. त्याचा शाळासोबती वाईकडील एका हायस्कुलात मराठी शिकवून नुकताच निवृत्त झाला होता. गावात त्याला मास्तर म्हणत आणि सुभेदारही त्याला मास्तरच म्हणे. फेब्रुवारीच्या एका आठवड्यासाठी मास्तर लखनौला आला. सुभेदाराजवळ एक जुनी बुलेट होती. या आठवड्यात ती भरपूर चालवायची, आणि महिनाअखेर तिचे काय करायचे ते ठरवायचे, असा बेत होता.

ही बुलेट जुन्या घडणीची होती. तिचे गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. ती सुरू करण्याचा एक विधीच होता. अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, डीकंप्रेसरची कळ ओढून दट्ट्या पुढे सरकवायचा आणि मग एकदाच सगळे वजन टाकायचे. घाई केली तर किक उलटून घोटा सडकून काढते. सुभेदार हे सारे एखाद्या कवायतीसारखे करी. मागे बसणाऱ्या मास्तराला मात्र पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळून चुकली. मोटारसायकलवर दोन माणसे जितकी जवळ असतात तितकी जवळ बसून बोलता येत नाही असे दुसरे वाहन नाही. वारा आणि इंजिनाचा ठोका यांत शब्द विरून जातात. चेहरे दिसत नाहीत. वळणावर दोघांनी एकाच बाजूला झुकायचे, एवढाच संवाद. त्यामुळे जे काही बोलायचे ते थांबल्यावर, आणि तोपर्यंत ते मनात बरेच फिरून आलेले असे.

पहिला दिवस छावणीतच गेला. दिलकुशा कोठी तेथून हाकेच्या अंतरावर आहे. नवाब सआदत अली खान याच्यासाठी १८०० च्या सुमारास मेजर गोर ऊसली याने ती बांधली आणि तिचा नमुना घेतला तो इंग्लंडच्या उत्तर टोकाकडील सीटन डेलावल या वाड्याचा. शिकारीसाठी नवाबाने उभारलेली ही इमारत अवधच्या उन्हात मूळचीच परकी होती. आज तिचे मनोरे आणि उघड्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत. १८५७ च्या नोव्हेंबरात रेसिडेन्सीतून बाहेर काढलेल्या लोकांना येथे आणले गेले आणि २४ नोव्हेंबरला जनरल हॅवलॉक येथेच आमांशाने वारला. सुभेदाराने जागा पाहिली ती लष्करी नजरेने. गोमती कोठे, उंचवटा कोणता, तोफा कोठून लागू होतील, हे त्याने मास्तराला काठीने जमिनीवर रेघा ओढून दाखविले. मास्तराला त्यातून वेगळीच गोष्ट उमगली. ज्या जमिनीवर सुभेदार तीन वर्षे राहिला, ती छावणी रणभूमीवरच वसविलेली आहे.

वस्तुतः लखनौची ही दुसरी छावणी. पहिली गोमतीच्या उत्तरेस मडियांव येथे होती. मार्च १८५८ मध्ये शहर परत घेतल्यावर कर्नल रॉबर्ट नेपिअरच्या योजनेप्रमाणे दाट वस्त्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढले गेले. फौजेला शहरात चटकन शिरता यावे हा त्यामागचा हेतू. आणि फौज स्वतः दिलकुशाच्या बाजूस, शहराच्या पूर्वेला नेऊन ठेवली गेली. पुढील सहा दिवस बुलेट ज्या सरळ रस्त्यांवरून ऐटीत धावली, त्या रस्त्यांचा सरळपणा असा आहे.

दुसरा दिवस रेसिडेन्सीचा. १ जुलै १८५७ पासून हॅवलॉक आणि आउटरम २५ सप्टेंबरला आत शिरेपर्यंत हा वेढा ८७ दिवस चालला. पडक्या भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा सरकारने मुद्दाम राखल्या. येथील इंग्रजी निशाण रात्रीही उतरवीत नसत. ते १९४७ च्या ऑगस्टातच उतरले. सुभेदार बेली गार्डच्या दरवाजातून आत शिरला आणि हळूहळू त्याच्या बोलण्यात एक जातिवंत कौतुक येऊ लागले. एवढ्याशा आवारात, इतकी बायकामुले सांभाळून, सुरुंगाला प्रतिसुरुंग खणून ही माणसे तगली कशी, हे तो पावलापावलाला समजावून सांगू लागला. मास्तर काही वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, “सुभेदार, तू भिंतीच्या आतून बोलतो आहेस.”

हा शब्द सुभेदाराला लागला. तो गप्प झाला. हेन्री लॉरेन्सच्या थडग्यापाशी दोघे बराच वेळ उभे राहिले. कर्तव्य करण्याचा ज्याने प्रयत्न केला तो येथे आहे, अशा अर्थाचा लेख लॉरेन्सने स्वतःच मरताना सांगून ठेवला होता. सुभेदाराला त्यातला ‘प्रयत्न’ आवडला. पुढे आवारातच रेसिडेन्सीच्या बाजूने लढलेल्या हिंदी अधिकाऱ्यांचे आणि शिपायांचे स्मारक लागले. आतील सुमारे सतराशे लढणाऱ्यांत सातशेच्या आसपास हिंदी शिपाई होते, ही गोष्ट मास्तराने वाचलेली होती. परंतु वाचलेली गोष्ट आणि दगडावर कोरलेली गोष्ट यांत अंतर असते. भिंतीच्या आत हिंदी शिपाई, भिंतीबाहेर हिंदी शिपाई. त्यांची बोली एक, पगारही एकच, महिना सात रुपये.

झाडाखाली बसल्यावर सुभेदाराने जे सांगितले ते पस्तीस वर्षांच्या मैत्रीत त्याने कधी सांगितले नव्हते. तो नायक असताना एका शहरात दंगल झाली आणि त्याच्या कंपनीला नागरी सत्तेच्या मदतीला पाठविण्यात आले. चौकात रांग लावून उभे केले. समोर जमाव. त्यात लुंग्या नेसलेली, चपला हातात घेतलेली, आपल्या गावच्या बाजारात दिसतील अशीच माणसे. पोटऱ्यांना कंप सुटला होता. तो भयाचा नव्हता. तीन तास ते तसे उभे राहिले. “हुकूम आला नाही,” सुभेदार म्हणाला. “संध्याकाळी लोक आपापल्या घरी गेले. आम्ही बराकीत आलो, जेवलो. पण मास्तर, हुकूम आला असता तर? मी घोडा ओढला असता, की नसता? अजून मला ते ठाऊक नाही.”

मास्तराजवळ याचे उत्तर नव्हते. त्याने ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. त्या रात्री सुभेदाराच्या क्वार्टरमध्ये त्याने एका पुस्तकाची हकीकत सांगितली. सीताराम पांडे हा अवधचाच ब्राह्मण. कंपनीच्या फौजेत शिपाई म्हणून शिरला आणि सुभेदार होऊन निवृत्त झाला. त्याच्या आठवणी नॉर्गेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. मूळ हस्तलिखित सापडलेले नाही. त्यामुळे हे कथन कितपत सीतारामाचे आणि कितपत नॉर्गेटचे, याविषयी अभ्यासकांत शंका आहे. परंतु त्यातील एका प्रसंगी शंकेखोर वाचकही थबकतो. बंड मोडल्यावर गोळ्या घालण्यासाठी आणलेल्या कैद्यांत सीतारामाला स्वतःचा मुलगा दिसतो. सुभेदार म्हणून तो या बाजूला. पोटचा पोर त्या बाजूला. सुभेदाराने सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “लिहिणारा खरा नसला, तरी ही वेळ कोणावर आली नसेल का?” वाङ्मयाच्या प्रामाण्याविषयी यापेक्षा नेमका प्रश्न विद्यापीठांतही क्वचितच विचारला जातो.

तिसऱ्या दिवशी सिकंदर बाग. वाजिद अली शाहने बांधलेल्या या बागेत १६ नोव्हेंबर १८५७ रोजी दोन हजारांच्या आसपास शिपाई मारले गेले. फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने पुढच्या वर्षी हाडे विखुरलेल्या आवाराचे चित्र घेतले. ते युद्धाच्या छायाचित्रणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आज जवळच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेची हिरवळ आहे आणि चौकात उदा देवीचा पुतळा आहे. पासी समाजातील या स्त्रीने पिंपळावर चढून इंग्रजांवर गोळ्या झाडल्या, अशी लोकस्मृती. झाडावरून पाडलेला बंदूकधारी स्त्री निघाली, ही हकीकत इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणींतही येते. तिला नाव मात्र दिले ते तिच्या माणसांनी. रेसिडेन्सीसमोर गोमतीच्या काठावर १९५७ मध्ये उभारलेला पांढरा शहीद स्मारकस्तंभ आहे. तेथे संध्याकाळी दोघे बसले. समोरासमोर दोन स्मारके, मध्ये रहदारी. सुभेदार दोहोंकडे आळीपाळीने पाहत होता.

चौथ्या दिवशी बिठूर. उन्नाव, कानपूर आणि तेथून गंगेच्या काठाने वर. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरांहून अधिक. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोहरीची पिवळी शेते होती. १८५७ च्या जुलैत हॅवलॉक याच रस्त्याने कानपुराहून लखनौकडे निघाला आणि उन्नाव, बशीरतगंज येथे लढून त्याला मागे फिरावे लागले. सुभेदाराच्या बुलेटला उन्नावच्या अलीकडेच मागे फिरण्याची वेळ आली होती. क्लचची तार तुटली. परंतु जुन्या गाडीचा धनी अशा प्रसंगाला तयार असतो. आसनाखालून त्याने जादा तार काढली, ग्रीस चोळले, मास्तराला लिव्हर धरायला लावले आणि वीस मिनिटांत गाडी पुन्हा रस्त्याला लागली. जवळच्या शेतातला एक म्हातारा एवढा वेळ उकिडवा बसून पाहत होता. निघताना त्याने विचारले, “कहाँ के हो?” सुभेदार सवयीने “छावनी के” म्हणाला. म्हाताऱ्याने मान हलविली. हे उत्तर नव्हे, असा तिचा अर्थ होता.

बिठूरला मराठी माणूस जातो तेव्हा त्याच्या मनात पेशवाईच्या वैभवाची नाही म्हटले तरी काही चित्रे असतात. तेथे ती पुसली जातात. १८१८ मध्ये राज्य गेल्यावर दुसरा बाजीराव सालिना आठ लाखांच्या तनख्यावर येथे येऊन राहिला आणि १८५१ मध्ये वारला. तनखा त्याच्याबरोबर संपला; नानासाहेबाला तो मिळाला नाही. नानाचा वाडा १८५७ मध्ये इंग्रजांनी उद्ध्वस्त केला. राहिले ते ब्रह्मावर्ताचा घाट, ब्रह्माची खुंटी आणि गंगा. मोरोपंत तांब्यांची मनू या घाटांवर खेळली आणि पुढे झाशीची राणी झाली. पुण्यापासून इतक्या दूर ही माणसे तेहेतीस वर्षे पुणे मनात धरून राहिली. तीही एक छावणीच. पाऊस सरण्याची वाट पाहणारी. तो सरला नाही.

घाटावर मास्तराला गोडसे भटजीची आठवण येणे अपरिहार्य होते. पेणजवळच्या वरसईचा विष्णुभट गोडसे हा दरिद्री भिक्षुक. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत असे कळताच १८५७ मध्ये चुलत्याबरोबर पायी उत्तरेकडे निघाला. महूजवळ त्यांना शिपाई भेटले आणि काय होणार आहे त्याची पहिली वार्ता त्यांच्याकडून कळली. छावणीतील शिपाई आणि रस्त्यावरचा भट, अशी ती गाठ. पुढे झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला, लुटला गेला, आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतला. त्याने लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी संस्कार करून १९०७ मध्ये छापला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती निघाली ती १९६६ मध्ये. या पुस्तकाला हिंदीत ‘आँखों देखा गदर’ या नावाने नेले ते लखनौच्या चौकात राहणाऱ्या अमृतलाल नागरांनी. एवढेच नव्हे, तर नागर स्वतः अवधच्या गावोगाव फिरले, सत्तावन्नच्या आठवणी म्हाताऱ्यांच्या तोंडून टिपल्या आणि १९५७ मध्ये ‘गदर के फूल’ प्रसिद्ध केले. कोकणातला भट आणि चौकातला कादंबरीकार, दोघांनीही पाहिले ते रस्त्याच्या उंचीवरून. सेनापतींच्या खलित्यांत जे येत नाही ते त्यांच्या पानांत आले आहे. कोण घाबरले, कोण उपाशी राहिले, कोणी कोणाला भाकर दिली.

पाचवा दिवस कैसरबागेत विसाव्याचा. तेथे विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीने १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज सुरू झाले. आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. मुंबईच्या वाळकेश्वरचा हा वकील देशभर हिंडून उस्तादांच्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून घेत राहिला, मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ लिहिली आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारखा शिष्य या शहराच्या स्वाधीन केला. कोठल्यातरी खोलीत कोणी एकच तान पुन्हा पुन्हा घोटत होते. सुभेदार बाहेर गाडीला टेकून ऐकत होता. “ही कवायत आपल्यासारखीच,” तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने जोड दिली, “पण इथे हुकूम गळ्यातूनच येतो.”

सहाव्या दिवशी काकोरी. ९ ऑगस्ट १९२५ रोजी याच गावाजवळ सरकारी खजिन्याची गाडी थांबविली गेली आणि १९२७ च्या डिसेंबरात बिस्मिल, अशफाकउल्ला, रोशनसिंह, लाहिडी फासावर गेले. याच खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झालेला रामकृष्ण खत्री हा बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचा. स्वातंत्र्यानंतर तो लखनौतच राहिला आणि १९९६ मध्ये तेथेच वारला. ही गोष्ट सुभेदाराला ठाऊक नव्हती. चिखलीच्या माणसाने लखनौ आपले मानले, याचा तो वाटभर विचार करीत असावा, कारण मलिहाबादच्या बाजूच्या आमराया लागल्या तरी त्याने वेग कमी केला नाही. दशहरी गावात त्या जातीच्या आंब्याचे आद्य झाड आहे. झाडे मोहरली होती. साऱ्या हवेत तो किंचित उग्र, गोड वास भरला होता. या भागातल्या असंख्य बागांतील दशहरी त्या एका खोडाचे कलम. जमीन बदलली तरी झाड तेच.

सातव्या दिवशी कोठे जायचे ते सुभेदारानेच ठरविले. मडियांव. पहिल्या छावणीची जागा. गोमती ओलांडून बुलेट उत्तरेकडे निघाली. आता तेथे घरे, दुकाने, वर्कशॉपे यांची दाट वस्ती आहे. जुन्या छावणीतले पाहण्यासारखे असे डोळ्यांत भरत नाही. एका चहाच्या टपरीसमोर गाडी लावून दोघे उभे राहिले. ३० मे १८५७ रोजी रात्री नऊची तोफ झाली आणि येथील पलटणींत बंड सुरू झाले. तोफ रोजचीच होती. त्या रात्री ती इशारत ठरली. १३, ४८ आणि ७१ या पलटणींतील बरेच शिपाई उठले, आणि त्याच पलटणींतील काही जण इंग्रजांकडे राहिले. राहिले तेच पुढे रेसिडेन्सीच्या भिंतीआड उभे होते. इतिहास लिहिताना पलटणीचे नाव घेतात. येथे पलटण उपयोगाची नव्हती. एकाच बराकीत शेजारी शेजारी निजणारे दोन शिपाई त्या तोफेनंतर दोन दिशांना गेले. ज्याने त्याने स्वतःच ठरविले.

सुभेदार हातातील कुल्हड फिरवीत बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. “यांना तोफ ऐकू आली,” तो म्हणाला. “मला आली नाही. म्हणून मी भला राहिलो असे नाही, आणि वाईटही नाही. मी तपासला गेलो नाही, एवढेच.” मास्तर म्हणाला, “बहुतेक माणसे तशीच मरतात.” “मरतात,” सुभेदार म्हणाला, “पण भिंतीच्या आतून बोलायचे मात्र सोडले पाहिजे.”

निवृत्तीनंतर सैन्यातील माणसाला दोन वाटा दिसतात. छावणीच्या कडेला घर बांधून बिगुलाच्या आवाजात उरलेले दिवस काढायचे, किंवा जेथून निघालो तेथे परतायचे आणि परक्यासारखे राहायला शिकायचे. सुभेदाराने कोणती निवडली हे त्या दिवशी तो बोलला नाही. परंतु दुसऱ्या दिवशी तो बुलेट घेऊन रेल्वेच्या पार्सल कचेरीत गेला. नियमाप्रमाणे टाकीतले पेट्रोल काढून टाकले, हँडल आणि टाकीला तागाची पोती गुंडाळून सुतळीने शिवली. हमालाने चिठ्ठीवर लिहिण्यासाठी ठिकाण विचारले तेव्हा सुभेदाराने गावाचे नाव सांगितले आणि तालुका, जिल्हा सांगून अक्षरे नीट लिहिली आहेत ना, हे चष्मा लावून दोनदा पाहिले.